तुझा मुकादम कपाटात आहे

हेमंत,

तुझ्या शोकसभेत सगळे छान बोलले. सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. तुझ्या ऑफिसातला पाटकर माईकसमोर येऊन म्हणाला, "हेमंत म्हणजे वेळेचं सोनं करणारा माणूस," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत होते. लोकांना वाटलं असेल, बिचारी रडतेय. खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं. ते आवरलं आणि मग असा संताप आला, की उठून माईक हिसकावून घ्यावा आणि सांगावं, अहो, या माणसाने वेळ वाचवायला यंत्र बनवलं आणि त्या यंत्राच्या नादी लागून तो मेला. पण बाईने नवऱ्याच्या शोकसभेत असं बोलायचं नसतं. मी दारात हात जोडून उभी राहिले आणि सगळ्यांना "आलात, बरं वाटलं" म्हणत राहिले.

म्हणून आता इथे बोलते. तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस, तुझ्या जाण्याने झालेली ही एवढी एकच सोय आहे.

तुझी नोकरी काय, तर बंदरात अडकलेल्या कंटेनरची कागदपत्रं सोडवायची. त्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर तुला आवडायचं नाही. ते इतकं वेंधळं आहे म्हणालास, की मी माझ्यापुरतं वेगळं काहीतरी करतो. सुरुवात एक्सेलच्या रकान्यांनी झाली. मग रकान्यांना रंग आले. मग व्हिडिओ बघून बघून, चाळिशी उलटल्यावर, तू चक्क प्रोग्रामिंग शिकलास. लोक या वयात गुडघे धरून बसतात आणि माझा नवरा चहाचा कप हातात घेऊन कुठला तरी स्वल्पविराम शोधत बसलेला असायचा. मी म्हणायचे, अरे, अशी तयार ॲप फुकट मिळतात, घे की एखादं. तू म्हणालास, "दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घालून मी का हिंडू?" यावर मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. तू स्वतःच्या मापाचा शिवलास खरा, पण त्यात स्वतःला हवी तेवढी ढील ठेवलीस.

त्याचं नाव ठेवलंस मुकादम. तुझे आजोबा गावी, गव्हाणजवळच्या मिठागरात मुकादमाच्या शिव्या खात जगले आणि नातवाने हौसेने, पदरचा वेळ घालून, आपल्याच डोक्यावर मुकादम बसवला. तुझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "याला काय खूल लागलाय? आमी त्यांच्यापासून सुटलो तर यानं घरात आनला." तू खूप हसला होतास. मीही हसले होते, ते कबूल.

मुकादम राहायचा जुन्या लॅपटॉपमध्ये, टीव्हीखालच्या फळीवर. तो कधी बंद करायचा नाही असा हुकूम होता. त्याचा पंखा सतत घुरघुरायचा. पाहुणे विचारायचे, फ्रिज बिघडलाय का? तिथून तो तुझ्या फोनवर तुला कामं सांगायचा, अगदी मराठीत. भाजी आण. विम्याच्या माणसाला फोन कर. सायलीच्या कॉलेजात जाऊन ये. पाणी पी. आणि प्रत्येक कामाखाली दोन बटणं असायची, एक "झालं" आणि दुसरं "नंतर".

ते "नंतर" हा तुझ्या अक्कलहुशारीचा कळस. सगळ्या ॲपमध्ये पुढे ढकललेली कामं साठत जातात, लाल होतात, माणसाला टोचत राहतात, असं तुझं म्हणणं होतं. तुझ्याकडे तसं नव्हतं. तुझ्या मुकादमात एखाद्या कामाला तू सारखा सारखा "नंतर" म्हणालास, की ते काम हळूहळू खाली सरकायचं आणि एक दिवस पडद्यावरून नाहीसं व्हायचं. तळाशी जाऊन बसायचं. त्या तळाला तू गाळ म्हणायचास. खाडीचं पाणी कसं निवळतं, गाळ खाली आणि पाणी वर स्वच्छ, तसं डोकं निवळतं म्हणायचास. "ज्या कामाला मी इतक्यांदा नाही म्हणतो, ते मला करायचंच नसतं, मीनल. मग ते डोळ्यांसमोर कशाला?" किती खूश होतास तू त्या नियमावर. पाटकरला घरी बोलावून दाखवलं होतंस.

त्यावरून आपलं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी कोर्टात कारकून. माझं आयुष्य पुढच्या तारखा लिहिण्यात गेलं. मी तुला म्हटलं, आमच्याकडे तारीख कितीही पुढे जाऊ दे, प्रकरण बोर्डावर राहतं. वकील म्हातारे होतात, फायलीला वाळवी लागते, पण ते आपोआप नाहीसं होत नाही. काढून टाकायचं तर कोणीतरी जिवंत माणूस त्यावर सही करतो आणि खाली नाव लिहितो. तुझ्या गाळावर सही कोणाची?

तू म्हणालास, "माझीच. दर वेळी नंतर दाबतो, ती सहीच की."

मी म्हटलं, ती सही नाही, तो अंगठा आहे. न वाचता उठवलेला.

तू चिडलास. म्हणालास, तुमच्या कोर्टाच्या पद्धतीने घर चालवलं तर आपण अजून लग्नाच्या तारखेची वाट बघत असतो. मी हात टेकले आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. पुन्हा कधीतरी नीट वाद घालू म्हटलं होतं. तुझ्याशी वाद घालायला मला आवडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आधीच तू फार शेफारलेला होतास.

एकदा तुझा फोन माझ्या हातात होता आणि पडद्यावर आलं, "मीनलशी बोलणे." खाली तीच दोन बटणं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅस सिलिंडर आणि वाण्याची यादी यांच्या मध्ये मी! मी फोन तुझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बायकोशी बोलायला तुला मुकादम लागतो?" तू इतका गोंधळलास, की चष्मा काढून पुसायला लागलास. म्हणालास, "अगं, ऑफिसातून आलो की मी या मशीनसमोर बसतो. माझं मला कळतं ते. मग कोणीतरी मला उठवायला नको का?" म्हणजे यंत्रासमोरून उठण्यासाठी तू त्याच यंत्रात नोंद केली होतीस. याला काय म्हणायचं? मी तुझ्याशी बोलायचंच बंद केलं. मग आपली पोर सायली मध्ये पडली आणि तिने ती नोंद बदलून "आईचं ऐकून घेणे" अशी केली. ती मात्र तू मनापासून पाळलीस. मी कोर्टातल्या गोष्टी सांगायचे, तू फोन उलटा ठेवून ऐकायचास. तुला त्यातलं अर्धं कळत नसायचं आणि तरी तू विचारायचास, मग त्या बाईला घराचा ताबा मिळाला का?

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तुझा हा मुकादमच उपयोगी पडला, हेही सांगायला हवं, नाहीतर मी खोटं बोलल्यासारखं होईल. डबा कोणी न्यायचा, रक्ताचे रिपोर्ट कधी आणायचे, रात्री कोणी थांबायचं, हे मला एकदाही ठरवावं लागलं नाही. तू ऑफिस सुटलं की थेट तिथे यायचास आणि तिच्या उशाशी बसून तिला मोसंबी सोलून द्यायचास. नर्सला वाटायचं तू तिचा मुलगा आहेस. आई गेली तेव्हा तिचा हात तुझ्या हातात होता, मी औषधं आणायला खाली गेले होते. मला तुझा हेवा वाटला होता. आणि तितकंच बरंही वाटलं होतं, की निदान तू होतास. ते त्या वेळी बोलायला जमलं नाही.

आणि गव्हाणला तुझ्या आईचं ते गोळीचं. तिला रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची असते आणि ती विसरते म्हणून तू तिच्या फोनवर मुकादमाचं धाकटं भावंड बसवलंस. रोज सकाळी इथून, टीव्हीखालच्या फळीवरून, तुझा आवाज तिच्या घरात जायचा. "आये, गोली घे. पान्यासंगं घे, चायसंगं नको." आपोआप, मोठ्याने, ऐकायला तिला काही दाबावं न लागता. गोळी घेतली की तिने एक मोठं हिरवं बटण दाबायचं. माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारा तू, त्या रेकॉर्डिंगमध्ये पक्का गव्हाणचा होतास. तू घरी नसताना मी ते पुन्हा पुन्हा ऐकायचे. चेष्टा करायची म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

झालं तुझं कौतुक. आता ऐक.

जिना चढताना तुला धाप लागायला लागली. छातीत मध्येच घोडा उधळल्यासारखं होतं, असं तूच म्हणालास. एकदा बाजारात डोळ्यांसमोर अंधारी आली आणि तू भाजीवालीच्या टोपलीशेजारी खाली बसलास. आपले डॉक्टर म्हणाले, हृदयाचा टूडी इको करून घ्या, घरात कोणी अचानक गेलंय का? तू मला बोलू दिलं नाहीस, "नाही" म्हणालास. तुझे वडील भाताच्या लावणीत बांधावर टेकले आणि उठलेच नाहीत, हे साऱ्या गव्हाणला ठाऊक आहे. बाहेर आल्यावर मी विचारलं, खोटं का बोललास? तू म्हणालास, "त्याचा काय संबंध? त्यांना ऊन लागलं होतं." आणि फोन काढून माझ्यासमोर टाइप केलंस, "टूडी इको करणे." म्हणालास, बघ, टाकलं. आता तुझ्या डोक्याला ताप नको.

लोक मला हळूच विचारतात, तुम्ही मागे लागला नाहीत का हो? मी लागले होते, हेमंत. जेवताना, निघताना, फोनवर. दर वेळी तू म्हणायचास, "मुकादमात आहे." जणू काही मुकादमात आहे म्हणजे दवाखान्यातच जाऊन आल्यासारखं. मग एका रविवारी मी फारच लावून धरलं, तेव्हा तू फोन माझ्या हातात दिलास. शांतपणे. "तूच बघ. काही बाकी आहे का?" पडदा स्वच्छ होता. त्यावर एकही काम नव्हतं. आणि तुझ्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं, सगळा अभ्यास झालेल्या पोरासारखं. तू मला फसवत नव्हतास. तू आधीच स्वतःला फसवून मोकळा झाला होतास आणि ते इतकं नीट, की तुला ते आठवतही नव्हतं. मी "गाळ उपस" म्हणाले, तर म्हणालास, गाळ उपसायचा नसतो, तोच तर नियम आहे.

मुकादमाने तुला रोज सकाळी फिरायला जायला सांगितलं होतं. ते मात्र तू चुकवायचा नाहीस. त्या दिवशी चेहरा उतरलेला होता, मी म्हटलं, आज राहू दे. तू म्हणालास, "झालं दाबायचंय ना." वडाळे तळ्याच्या काठावर तू पडलास. दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एका बाईने आरडाओरडा केला, एका रिक्षावाल्याने तुला उचलून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा तुझ्यावर चादर ओढलेली होती आणि तुझी पँट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुर्चीवर ठेवली होती. त्या पिशवीतून फोन वाजला. मी काढून बघितला. "पाणी पी," असं लिहिलं होतं. मी कितीतरी वेळ तो हातात धरून उभी होते, दोन्हींपैकी कुठलं बटण दाबायचं ते कळत नव्हतं.

शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. तुझ्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हे रक्तातून येतं. वेळेवर कळलं असतं तर गोळ्या होत्या, उपाय होते, आणि माणूस म्हातारा होऊ शकतो. "मुलं किती?" त्यांनी विचारलं. एक मुलगी, म्हटलं. "तिचा इको लवकर करून घ्या. यात चालढकल नको."

तेव्हा माझं रडणं थांबलं. तुझ्यासाठी रडायला मला वेळच उरला नाही, हाही तुझाच पराक्रम.

सायलीला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, हो आई, करते. तू गेल्यापासून ती रडली नव्हती. टीव्हीसमोर जमिनीवर बसून मुकादम सांभाळत होती. त्यातली तुझी कामं तिने एकेक करून बाजूला काढली आणि त्या जागी स्वतःची भरली. कॉलेजचं सबमिशन, मैत्रिणीचा वाढदिवस, आजीचा फोन. "बाबांनी बनवलंय, मी चालवणार," म्हणाली. लोकांना गहिवरून यायचं. तुझी ती कोन गावची चुलत बहीण, तिने तर सायलीला जवळ घेऊन म्हटलं, पोरीने बापाचं नाव राखलं.

मग एकदा मी विचारलं, इकोचं काय झालं गं? आणि सायली म्हणाली, "मुकादमात आहे."

तोच सूर, हेमंत. तीच मान वर न करता बोलायची पद्धत. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. नोंद होती, "टूडी इको." आधीच तळाकडे सरकलेली. आणि माझ्यादेखत तिचा अंगठा "नंतर"वर गेला.

मी फोन हिसकावला. ती उठून उभी राहिली, रागाने लाल. म्हणाली, परीक्षा झाल्यावर करणारच होते. मी म्हटलं, नाही करणार, ते आता नाहीसंच होईल. "मग होऊ दे!" ती ओरडली. आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "आई, तपासणी केली आणि काही निघालं तर? आता निदान मला माहीत तरी नाही."

"तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं," मी म्हणाले. "काय उपयोग झाला?"

माझ्या तोंडून ते चाबकासारखं बाहेर पडलं आणि ती पांढरीफटक झाली. पण मी तिच्याकडे बघत होते, आणि मला तू दिसत होतास. तो डॉक्टरसमोरचा "नाही" म्हणणारा. मला वाटायचं तू आळशी आहेस, हट्टी आहेस, यंत्रात गुंतलेला आहेस. तू घाबरलेला होतास. बांधावर टेकलेल्या बापाला तू लहानपणी बघितलं होतंस आणि तेव्हापासून घाबरलेला होतास, आणि ती भीती ठेवायला तुला घरात जागा सापडली नाही म्हणून तू तिच्यासाठी एवढं मोठं यंत्र बांधलंस. मला सांगितलं असतंस तर? मी काय तुला हसले असते? हो, थोडी हसले असते. मग तुझा हात धरून घेऊन गेले असते.

सायली सज्ञान आहे. तिला फरफटत नेता येत नाही. म्हणून मी मला येतं ते केलं. सकाळी कोर्टात जायच्या आधी टीव्हीखालची वायर ओढली. तो पंखा बंद झाल्यावर घर एकदम शांत झालं. मग लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला, लोखंडी कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवला आणि चावी पर्समध्ये टाकली. सायली झोपेतून उठून आली. "आई, काय केलंस?"

"मुद्देमाल जप्त," मी म्हटलं. "इकोचा रिपोर्ट दाखव, सोडते."

"तू बाबांना कपाटात कोंडलंस."

"हो."

ती म्हणाली, "तू इतकी दुष्ट असशील असं वाटलं नव्हतं." मी चपला घातल्या आणि निघाले. दुष्ट म्हण नाहीतर काही म्हण, मला ती हवी होती.

एक गोष्ट मात्र त्या रागात माझ्या ध्यानातच आली नव्हती. दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात फोन वाजला. तुझी आई.

"मीनल, आज त्यो बोलला नाय गं."

तू गेल्यावरही तुझा आवाज रोज सकाळी गव्हाणला जात होता. तो बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं, आणि तिने कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ती रोज ऐकत होती. मी भिंतीला टेकले. समोरून वकील, पक्षकार, बेड्या घातलेला एक जण, सगळे जात होते. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. लाईट गेली म्हणावं, मशीन बिघडलं म्हणावं. पण आपल्या घरात त्या प्रकाराने आधीच एक माणूस खाल्ला होता. मी तिला सगळं सांगितलं. तुझं, डॉक्टरांचं, सायलीचं, कपाटाचं. म्हटलं, "आई, तुमच्याकडचा त्याचा आवाज मी बंद केलाय. मला दुसरं काही सुचलं नाही."

तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "त्याचा बापूस गेला तवा आमाला कुनी काय सांगला नाय. याला सांगला, तर यानं आयकला नाय. पोरीला ने तू. तवर त्याला नको बोलू दे."

"आणि तुमची गोळी?"

"गोली मी कदीच इसरत नव्हती," ती म्हणाली. "त्यो बोलंपरत थांबायची, एवराच."

तू बनवलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये तेवढी एकच खरोखर कोणाला हवी होती, आणि तीही तुला वाटत होतं त्यासाठी नव्हती. तुझी आई आता सकाळी आपली आपण गोळी घेते. एकदाही तिने विचारलं नाही, की तो परत कधी बोलेल. माझ्यावर रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी तिनेच सायलीला फोन केला. काय बोलली ते मला कोणी सांगितलं नाही. सायली माझ्याशी बोलत नव्हतीच, ताट घेऊन आतल्या खोलीत जेवत होती. पण शुक्रवारी सकाळी ती तयार होऊन दारात उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चल."

टूडी इको म्हणजे किती साधी गोष्ट असते, हेमंत! अंधारी खोली, छातीवर थोडी गार जेली, आणि पडद्यावर ते राखाडी काहीतरी हलत असतं. सुई नाही, दुखणं नाही. तंत्रज्ञ मुलगी गुणगुणत काम करत होती. मग तिचं गुणगुणणं थांबलं आणि ती एकच जागा पुन्हा पुन्हा मोजायला लागली. सायलीने माझा हात शोधला. अबोला तिथेच संपला.

आहे तिला. तुझ्याकडून आलंय.

हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून नीट समजावलं. सुरुवात आहे. गोळ्या सुरू करायच्या, जोराचे खेळ नाहीत, नियमित तपासणी, पुढे लागलं तर एक छोटं यंत्र बसवता येतं. अशी माणसं नातवंडं बघतात, म्हणाले. वेळेवर आलात. मी ते "वेळेवर आलात" कानात साठवून घेत होते, तेवढ्यात त्यांनी सायलीला विचारलं, "वडिलांना त्रास होत होता? त्यांची तपासणी का नाही झाली?"

मी तोंड उघडलं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, तुझ्या ऑफिसला जे सांगत आले तेच जिभेवर होतं. फार कामात असायचे हो, वेळच मिळाला नाही. तुझी लाज मी चव्हाट्यावर आणलेली नाही, एवढं तुला माहीत असावं.

सायली माझ्याआधी बोलली. "वेळ होता त्यांना," ती म्हणाली. "त्यांनी केली नाही."

डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. सायलीचा आवाज अजिबात कापला नाही. जी पोर तुझं मशीन पुसून ठेवायची, तुझ्याविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायची नाही, तिने ते एखाद्या साक्षीदारासारखं सांगून टाकलं.

परतताना रिक्षात ती रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने, वेडंवाकडं, नाक गळेपर्यंत. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रिक्षा हळू केली. "त्यांना आपण नको होतो का आई?" ती म्हणत होती. "त्यांनी आपल्यासाठी एवढंही का नाही केलं?" तुझ्या बाजूने सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं. तो घाबरला होता गं, असं सांगता आलं असतं. मी सांगेन कधीतरी. त्या दिवशी मी तिला अडवलं नाही. तिला तुझ्यावर पोटभर रागावू दिलं, कारण तो तिचाही हक्क आहे.

चावी मी तिच्यासमोर टेबलावर ठेवली आहे, शब्द दिला होता म्हणून. तिने अजून कपाट उघडलेलं नाही. सकाळी ती गोळी घेते, मी समोर उभी राहते, आणि मग आम्ही चहा घेता घेता तुला नावं ठेवतो. इतके दिवस तुझ्यावर मी एकटी रागावलेली होते, हेमंत. आता आम्ही दोघी आहोत.